मागच्या नव्वद दिवसांचा हिशेब

मराठवाड्यातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात रुग्ण स्ट्रेचरवरून आत नेला जातो, तेव्हा सोबतच्या मुलाच्या किंवा जावयाच्या हातात बहुधा प्लास्टिकची एक पिशवी असते. तिच्यात गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी, तालुक्याच्या दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, रक्त-लघवीचे रिपोर्ट, मेडिकलची बिले आणि गुंडाळी झालेला एक्स-रे असा सगळा ऐवज कोंबलेला असतो. नातेवाइकांना ती पिशवी म्हणजे आतापर्यंत झालेल्या खर्चाचा पुरावा वाटते. डॉक्टरांना मात्र तिच्यातून एका अवघड प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळू शकते: या माणसाला झालेल्या संसर्गाचे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देतील की नाही?

हा प्रश्न समजून घेण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘मला ती गोळी आता लागू पडत नाही, शरीराला तिची सवय झाली,’ असे आपण सर्रास ऐकतो. अँटीबायोटिकच्या बाबतीत सवय शरीराला होत नसते; बदलतो तो जिवाणू. अँटीबायोटिक, म्हणजेच प्रतिजैविक औषधे, जिवाणूंना मारतात किंवा त्यांची वाढ रोखतात. डेंग्यू, चिकुनगुन्या, साधी सर्दी हे विषाणूंचे आजार असल्यामुळे त्यांच्यावर या औषधांचा काहीही परिणाम होत नाही. एखाद्या जिवाणूच्या जनुकांत बदल झाला किंवा दुसऱ्या जिवाणूकडून त्याला नवे जनुक मिळाले आणि त्यामुळे तो औषधाला पुरून उरू लागला, की त्याला प्रतिरोधक जिवाणू म्हणतात. प्रतिरोध जिवाणूचा असतो, माणसाचा नसतो. म्हणूनच आयुष्यात एकही अँटीबायोटिक न घेतलेल्या माणसालाही प्रतिरोधक जंतूंचा संसर्ग होऊ शकतो, कारण त्या जंतूने आपली ताकद दुसऱ्याच कुणाच्या शरीरात कमावलेली असते.

कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाने हीच गोष्ट शेतात पाहिली आहे. बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली आणि सुरुवातीची काही वर्षे बोंडअळी खरोखरच आटोक्यात राहिली. बीटी कपाशीच्या कडेने बिगर-बीटी झाडे लावायची असतात, ती पुष्कळ ठिकाणी लावली गेली नाहीत. वेचणी संपल्यावरही पाणी देऊन फरदड घेतली गेली. आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा आणि विदर्भातील कपाशीचे प्रचंड नुकसान केले. अळीला विषाची सवय झाली, असे घडले नव्हते. असंख्य अळ्यांमध्ये ते विष पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्या होत्या. बाकीच्या मेल्या, बोंडे या मोजक्यांना मोकळी मिळाली आणि पुढची पिढी त्यांचीच झाली. रुग्णाच्या आतड्यात, घशात आणि त्वचेवर अँटीबायोटिकमुळे नेमके हेच घडते. फरक वेगाचा आहे. बोंडअळीची एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते, तर अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात आणि त्या गतीने दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होऊ शकतात. दुसरा फरक अधिक गंभीर आहे. अळी आपला गुण फक्त संततीला देते. जिवाणू मात्र प्लास्मिड नावाच्या जनुकीय कड्यांमार्फत आपला प्रतिरोध शेजारच्या, कधीकधी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतात.

रुग्णाला प्रतिरोधक जंतूंचा संसर्ग झाला असण्याची शक्यता कशाकशाने वाढते, हा जोखीम घटकांचा विचार रुग्णालयात महत्त्वाचा असतो आणि त्याचे कारण प्रयोगशाळेच्या घड्याळात आहे. संसर्ग रक्तात पसरून रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला, म्हणजे सेप्टिक शॉकच्या रुग्णाला, पहिल्या तासाभरातच योग्य अँटीबायोटिक मिळावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध चालेल हे सांगणारा कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मात्र तासाभरात येत नाही. रक्ताच्या बाटलीत जंतू वाढायला बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात, मग तो प्लेटवर वाढवून ओळखावा लागतो, आणि त्यानंतर वेगवेगळ्या औषधांसमोर ठेवून पाहण्यात आणखी एक दिवस जातो. जलद चाचण्या आता आल्या आहेत, पण त्या सगळीकडे पोहोचलेल्या नाहीत. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस उपचार अंदाजाने चालतात. अंदाज चुकला आणि जंतू त्या औषधाला प्रतिरोधक निघाला, तर रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस रुग्णाच्या दृष्टीने उपचाराविना गेल्यासारखेच असतात. हा अंदाज अधिक अचूक व्हावा, यासाठी रुग्णाच्या ज्या गोष्टी विचारात घेतल्या जातात, त्यांना जोखीम घटक म्हणतात.

जोखीम घटक म्हणजे कारण नव्हे आणि खात्री तर मुळीच नव्हे. आभाळ भरून आले म्हणजे पाऊस पडणारच, असे मराठवाड्यात कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण भरून आलेल्या आभाळाखाली सोयाबीनची रासही कोणी उघडी ठेवत नाही. जोखीम घटकांकडे पाहण्याची योग्य रीत अशीच आहे.

उदाहरणासाठी आपण परभणी जिल्ह्यातला साठीचा एक शेतकरी डोळ्यांसमोर आणू. त्याला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. दोन महिन्यांपूर्वी ताप आला म्हणून गावात तीन दिवस सलाईनमधून इंजेक्शने घेतली. पुढे पायाला झालेली जखम चिघळली, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात दहा दिवस दाखल होऊन ड्रेसिंग आणि आणखी अँटीबायोटिक झाले. घरी आल्यावर तीन आठवड्यांनी त्याला थंडी वाजून ताप भरला, लघवी अडली, भान हरपू लागले, आणि त्याला मोठ्या शहरातील रुग्णालयात आणून अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. असा रुग्ण कोणा एकाचा नाही; या वाटेने रोज माणसे येतात.

त्याच्या बाबतीतला सर्वांत वजनदार घटक कोणता, असे विचाराल तर मी मधुमेहाचे नाव घेणार नाही. मागच्या तीन महिन्यांत घेतलेली अँटीबायोटिक हा तो घटक आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि इन्फेक्शस डिसीजेस सोसायटी ऑफ अमेरिका यांनी २०१६ साली रुग्णालयात होणाऱ्या न्यूमोनियासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही प्रतिरोधक जंतूंची शक्यता ठरवताना मागच्या ९० दिवसांत शिरेवाटे घेतलेले अँटीबायोटिक हाच घटक ठळकपणे मांडला आहे. नव्वद दिवसांच्या या रेषेत जादू काही नाही. एकोणनव्वदाव्या दिवशी धोका आणि एक्याण्णवाव्या दिवशी सुटका, असे होत नसते. औषध थांबल्यानंतर आतड्यातील जिवाणूंची घडी पुन्हा बसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात आणि तोपर्यंत प्रतिरोधक जंतूंचे पारडे जड राहते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

औषध घेतले की नाही याइतकेच कोणते घेतले आणि किती दिवस घेतले यालाही महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटीबायोटिकची तीन गटांत विभागणी केली आहे. पहिल्या गटात अमॉक्सिसिलिनसारखी, नेहमीच्या संसर्गांसाठी आधी वापरायची औषधे आहेत; दुसऱ्या गटातील औषधे जपून वापरायची, कारण त्यांच्यामुळे प्रतिरोध वाढण्याचा धोका अधिक; आणि तिसऱ्या गटातील औषधे इतर उपाय थकल्यावरच काढायची. आपल्याकडे तापाच्या रुग्णाला सहज टोचले जाणारे सेफ्ट्रियाक्सोन हे इंजेक्शन दुसऱ्या गटातले आहे. अतिदक्षता विभागात वापरले जाणारे मेरोपेनेमही त्याच गटात आहे, तर कोलिस्टिन तिसऱ्या गटात आहे. मूत्रपिंडाला इजा होते म्हणून डॉक्टरांनी कोलिस्टिन १९७० च्या दशकात जवळजवळ बाजूला ठेवले होते. इतर औषधे निकामी होऊ लागल्यावर ते पुन्हा वापरात आणावे लागले, यावरून अडचण किती मोठी आहे ते समजते.

‘साहेब, जरा कडक इंजेक्शन द्या, माणूस लवकर उठून बसू द्या,’ ही विनंती कळकळीतून येते. रोजंदारी बुडते, ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघायचे असते, पेरणी तोंडावर असते. त्या घाईला मी दोष देणार नाही. पण कडक अँटीबायोटिक म्हणजे ताप लवकर उतरवणारे औषध नव्हे. अधिक प्रकारच्या जिवाणूंवर चालणारे औषध, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि म्हणून ते रोगाच्या जंतूबरोबर आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंचाही अधिक संहार करते. हे निरुपद्रवी जिवाणू जागा अडवून बसलेले असतात, तोवर बाहेरून आलेल्या जंतूला तिथे पाय रोवणे कठीण जाते. ते गेले, की शेत मोकळे होते.

लांबलेल्या कोर्सचेही तसेच. कोर्स अर्धवट सोडू नये, हे आपल्या मनावर इतके बिंबले आहे, की तो विनाकारण लांबवू नये हे कोणाला सांगावेसे वाटत नाही. वर उल्लेखलेल्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रुग्णालयात झालेल्या न्यूमोनियासाठीही साधारण सात दिवसांचे उपचार पुरेसे मानले आहेत. शस्त्रक्रियेच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना याहून स्पष्ट बोलते: जखमेत संसर्ग होऊ नये म्हणून द्यायचे अँटीबायोटिक चीर देण्याआधी द्यावे आणि शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून ते चालू ठेवू नये. तरीही टाके निघेपर्यंत इंजेक्शने चालू ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. वेचणी झाल्यावर कपाशी उभी ठेवण्यासारखेच हे आहे. हाती फारसे काही लागत नाही आणि अळीला मात्र चारा मिळतो. क्षयरोगासारख्या आजारांत महिनोन्‌महिने औषध घ्यावेच लागते, त्यामुळे कोर्स किती दिवसांचा हे डॉक्टरांनीच ठरवायचे. मात्र ‘हे औषध कोणत्या दिवशी थांबणार?’ असे त्यांना विचारायला नातेवाइकांनी संकोचू नये.

दुसरा मोठा घटक रुग्णालयातला मुक्काम हाच आहे. घरून आलेल्या माणसाच्या अंगावर आणि आतड्यात घरचे जिवाणू असतात. काही दिवसांत त्यांत रुग्णालयातले जिवाणू येऊन मिसळतात. याला जंतूंनी वस्ती करणे म्हणतात. वस्ती म्हणजे आजार नव्हे. प्रतिरोधक जंतू आतड्यात असूनही माणूस ठणठणीत असू शकतो. पण शस्त्रक्रिया, नळी किंवा घटलेली प्रतिकारशक्ती यांमुळे वाट मिळाली, की तोच जंतू रक्तात, फुप्फुसात किंवा मूत्रमार्गात शिरतो आणि संसर्ग होतो. व्हेंटिलेटरवरील न्यूमोनिया दाखल झाल्यापासून पाच किंवा अधिक दिवसांनी झाला असेल, तर तो प्रतिरोधक जंतूंचा असण्याची शक्यता वाढते, ती यामुळेच.

आपल्या भागात या मुक्कामाला प्रवासाची जोड आहे. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा थेट हैदराबाद, अशी रुग्णाची वाट असते आणि प्रत्येक थांब्यावर थोडे औषध व थोडे जंतू त्याच्या खात्यात जमा होतात. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवले जाणे, हा म्हणूनच स्वतंत्र जोखीम घटक मानला जातो. मेरोपेनेमसारख्या औषधांना निकामी करणारे एनडीएम नावाचे विकर (एन्झाइम) २००८ साली प्रथम ओळखले गेले, ते स्वीडनमधील एका रुग्णाच्या क्लेब्सिएला जिवाणूत, आणि तो रुग्ण त्यापूर्वी भारतात रुग्णालयात दाखल होता. नेदरलँडमध्ये परदेशातील रुग्णालयातून आलेल्या रुग्णाला तपासणीचे निकाल येईपर्यंत वेगळे ठेवण्याची पद्धत आहे. आपल्याला तेवढ्या वेगळ्या खोल्या परवडणार नाहीत, हे खरे आहे. पण ‘याआधी कुठे दाखल होता, किती दिवस, कोणत्या वॉर्डात?’ हे विचारायला खोली लागत नाही.

नळ्यांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण इथे बरेच काही हातात असते. आपल्या शेतकऱ्याची लघवी अडली म्हणून त्याला नळी घातली, शिरेत सलाईनची सुई आहे, मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन आहे, आणि श्वास कमी पडला तर घशातून व्हेंटिलेटरची नळी जाईल. त्वचा, खोकला, लघवीची धार या शरीराच्या साध्या संरक्षक व्यवस्था आहेत आणि प्रत्येक नळी त्यांपैकी एकीला वळसा घालून थेट आत जाते. शिवाय नळीच्या पृष्ठभागावर जिवाणू एक चिकट थर बांधतात. पाणी आठवडाभर साठवून ठेवावे लागणाऱ्या घरांत हौदाच्या भिंतीवर जो बुळबुळीत थर धरतो, तो ज्याने हाताने खरवडला आहे, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. वरून नुसते पाणी ओतून तो जात नाही. नळीवरच्या थरात दडलेल्या जिवाणूंपर्यंत औषध आणि पांढऱ्या पेशी नीट पोहोचत नाहीत. बाहेर मोकळ्या असलेल्या जिवाणूंना मारणारी मात्रा या थरातल्या जिवाणूंना पुरत नाही. मोजक्या मात्रेत टिकून राहण्याची अशी संधी म्हणजे प्रतिरोधाला खतपाणीच.

लघवीच्या नळीबाबत एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. नळी आत असताना दर दिवसागणिक साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जिवाणू दिसू लागतात. महिनाभर नळी राहिली, तर जवळजवळ प्रत्येकाच्या. त्यामुळे नळीची गरज आज आहे का, हा प्रश्न रोज विचारायचा असतो. वॉर्डात रात्री काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे, की पुष्कळदा नळी राहते ती केवळ रुग्णाला शौचालयापर्यंत नेणारे माणूस नसते म्हणून. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. रुग्णाला हलवताना ती पोटावर ठेवली, तर पिशवीतली लघवी उलट आत जाऊ शकते. ही पिशवी आपल्याकडे बहुतेक वेळा नातेवाईकच रिकामी करतात, म्हणून हे सिस्टरांइतकेच त्यांनाही माहीत असायला हवे.

इथे हातांचा विषय येतो. नळीवरचा किंवा जखमेतला जंतू दुसऱ्या खाटेपर्यंत स्वतः चालत जात नाही; त्याला डॉक्टरांचे, सिस्टरांचे, मावशींचे किंवा आपले हात नेतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचा, अतिदक्षता विभागांना जेरीस आणणारा जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर अनेक आठवडे जिवंत राहू शकतो. खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, मॉनिटरची बटणे, रक्तदाब मोजायचा पट्टा आणि आपल्या हातातला मोबाइल ही त्याची ठिकाणे. त्यामुळे त्या खाटेवर आधी कोण होते, शेजारी कोण आहे, एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत आणि दोन खाटांमध्ये अंतर किती आहे, हेही जोखीम घटकच ठरतात, जरी ते रुग्णाच्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेले नसतात. तीस खाटांच्या वॉर्डात पन्नास रुग्ण असले आणि काही जमिनीवर गादीवर असले, तर सर्वांत मन लावून काम करणाऱ्या सिस्टरलाही प्रत्येक स्पर्शाआधी हात स्वच्छ करणे जमणार नाही. हा तिचा दोष मानू नये.

मराठवाड्यात हात धुण्याच्या प्रश्नाला पाण्याचा पदर आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा उन्हाळ्यात रुग्णालयेही टँकरची वाट पाहतात, आणि ‘हात धुवा’ हा फलक नळाला पाणी असेल तरच उपयोगाचा असतो. त्यामुळे खाटेच्या पायथ्याशी ठेवलेली अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरची बाटली आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. हात उघडपणे मळलेले नसतील, तर ते वीस ते तीस सेकंद चोळणे पुरेसे होते आणि त्याला पाणी लागत नाही. साबण-पाण्याने नीट हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात. आपल्या वॉर्डांत एक सुंदर गोष्ट घडते: शेजारच्या खाटेवरच्या आजीसोबत कोणी नसले, तर पलीकडच्या रुग्णाची सून तिला पाणी पाजते, कूस बदलून देते, तिची पिशवीही रिकामी करते. ही माणुसकी थांबू नये. मधल्या वीस सेकंदांची मात्र तिला जोड द्यावी.

रुग्णाच्या शरीराची अवस्था हा घटक बहुतेकांना आपोआप समजतो, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. अनियंत्रित मधुमेहात जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. डायलिसिसच्या रुग्णाला पुन्हापुन्हा रुग्णालयात यावे लागते आणि प्रत्येक वेळी रक्तवाहिनीत प्रवेश करावा लागतो. केमोथेरपी, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, मोठी भाजलेली जखम, खूप वाढलेले वय या सगळ्यांमुळे जोखीम वाढते. नवजात बाळांचा उल्लेख मात्र वेगळा करायला हवा. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सर्वाधिक आढळलेला जंतू अ‍ॅसिनेटोबॅक्टर होता आणि त्याचे सुमारे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना प्रतिरोधक होते. ज्या बाळाने आयुष्यात काहीच घेतलेले नाही, त्याच्या रक्तात असा जंतू सापडतो, तेव्हा प्रतिरोध जंतूचा असतो आणि तो कुठून तरी आलेला असतो, हे सुरुवातीचे वाक्य पुन्हा आठवते.

एवढे सगळे घटक ऐकल्यावर वाटेल, की मग प्रत्येक धोक्याच्या रुग्णाला पहिल्याच दिवशी सर्वांत व्यापक औषध का देऊ नये? वैद्यकशास्त्राने हा प्रयोग करून पाहिला आहे. वरच्याच दोन अमेरिकी संघटनांनी २००५ साली न्यूमोनियाच्या रुग्णांचा एक नवा वर्ग ठरवला होता. गेल्या नव्वद दिवसांत दोन किंवा अधिक दिवस रुग्णालयात राहिलेले, डायलिसिस घेणारे, वृद्धाश्रमासारख्या संस्थांत राहणारे अशांचा त्यात समावेश होता आणि त्यांना सुरुवातीपासून व्यापक औषधे द्यावीत, असे सुचवले होते. पुढच्या अनुभवातून दिसले, की या वर्गातील पुष्कळ रुग्णांचे जंतू साध्या औषधांनाही दाद देत होते. व्यापक औषधांचा वापर मात्र खूप वाढला. हा वर्ग २०१६ मध्ये रुग्णालयात होणाऱ्या न्यूमोनियाच्या आणि नंतर २०१९ मध्ये रुग्णालयाबाहेर होणाऱ्या न्यूमोनियाच्या मार्गदर्शक तत्त्वांतून काढून टाकण्यात आला. जोखमीची यादी आंधळेपणाने वापरली, तर ती स्वतःच उद्याची जोखीम तयार करते. मला या सगळ्या विषयात हा धडा सर्वांत मोलाचा वाटतो.

म्हणून चांगला डॉक्टर घटक नुसते मोजत नाही, त्यांचे वजन करतो, आणि त्यात दोन गोष्टी जमेस धरतो. एक म्हणजे रुग्णाची प्रकृती: रुग्ण बोलतोय, जेवतोय, रक्तदाब ठीक आहे, तर थोडे थांबून, साध्या औषधाने सुरुवात करता येते, सेप्टिक शॉकमध्ये चुकायला जागा नसते. दुसरी म्हणजे त्या रुग्णालयाचा अँटीबायोग्राम, म्हणजे गेल्या वर्षभरात तिथे कोणते जंतू सापडले आणि कोणते औषध त्यांपैकी किती टक्क्यांवर चालले, याचा तक्ता. पुण्याच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयाचा तक्ता बीडमध्ये किंवा हिंगोलीत जसाच्या तसा वापरता येत नाही, जसा कोकणातला पेरणीचा सल्ला इथे चालत नाही. प्रत्येक जिल्ह्याने आपला तक्ता स्वतः तयार करायला हवा, आणि त्यासाठी आधी कल्चर पाठवण्याची सवय हवी.

कल्चरसाठी रक्त अँटीबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायचे असते, कारण डोस गेल्यावर बाटलीत जंतू वाढण्याची शक्यता कमी होते. मोठ्या माणसाच्या एकेका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त लागते आणि साधारणपणे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून ते घेतात. आधीच अशक्त झालेल्या बापाचे एवढे रक्त काढताना पाहून मुलगा अस्वस्थ होतो, ते स्वाभाविक आहे. पण कमी रक्तात जंतू सापडत नाही आणि मग अंदाजाचे उपचारच पुढे चालू ठेवावे लागतात. रिपोर्ट आल्यावर त्यात औषधांच्या नावांपुढे ‘एस’, ‘आय’ किंवा ‘आर’ असे लिहिलेले असते. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला बळी पडतो, ‘आर’ म्हणजे पडत नाही, आणि ‘आय’चा अर्थ मात्रा व संसर्गाची जागा पाहून डॉक्टरांनी लावायचा असतो. आपल्या शेतकऱ्याला पहिल्या तासात मेरोपेनेम दिले असेल आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये साध्या औषधापुढे ‘एस’ आला, तर डॉक्टर औषध बदलून साधे करतात. नातेवाइकांना तेव्हा वाटते, की पैसे संपल्याचे पाहून उपचार हलके केले. खरे तर तो उपचारांतला सर्वांत चांगला दिवस असतो.

आता त्या पिशवीकडे परत येऊ. शेतकऱ्याला दाखल करून घेताना डॉक्टरांना कळायला हवे होते, की गावात तीन दिवस कोणते इंजेक्शन दिले, तालुक्याला कोणत्या औषधावर ठेवले, तिथे लघवीची नळी होती का, जखमेचे कल्चर पाठवले होते का. पुष्कळदा चिठ्ठीवर नुसते ‘इंजेक्शन, सलाईन’ असते आणि औषधाचे नाव कुठेच नसते. अशा वेळी मेडिकलचे बिल कामी येते, कारण त्यावर औषधाचे नाव आणि तारीख छापलेली असते. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ या नियमानुसार सेफ्ट्रियाक्सोन आणि मेरोपेनेमसारख्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराने ठेवायची असते आणि ती औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. त्यामुळे बिल मागणे हा ग्राहकाचा हट्ट ठरत नाही. रिकामी झालेली इंजेक्शनची बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट यांचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालतो.

रुग्ण बरा होऊन घरी निघाला, की कागद आवरण्याची घाई असते. त्या वेळी डिस्चार्ज कार्डावर कोणता जंतू सापडला, अँटीबायोटिक कोणते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत दिले, हे लिहून घ्यावे आणि कल्चर रिपोर्टची प्रत मागून घ्यावी. प्रतिरोधक जंतू आतड्यात काही महिने, काहींच्या बाबतीत वर्षभरही राहू शकतात. घरात त्यासाठी वेगळे ताट-वाटी किंवा वेगळी खोली यांची गरज नसते. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणे पुरते. पण पुन्हा दाखल व्हायची वेळ आली, मग ती सहा महिन्यांनी का असेना, तर तो रिपोर्ट पिशवीत सगळ्यात वर असावा आणि विचारण्याची वाट न पाहता तो आधी डॉक्टरांच्या हातात द्यावा.